मदत हवी आहे: घरीच शाळा, तीन वयांची मुलं, मोठीचं गणित मागे पडतंय

मुलं १०, ६ आणि २ वर्षांची. गोष्टी, प्रयोग तिघं मिळून करतात, ते छान चाललंय. अडतं मोठीच्या अपूर्णांकांपाशी. समजावत असतानाच मधला "आई, हे काय लिहिलंय?" म्हणत वही पुढे करतो, धाकटी पेन्सिल ओढते. काल मोठीने १/२ + १/३ = २/५ लिहिलं, अंशात अंश, छेदात छेद मिळवून. मला ते थेट संध्याकाळी दिसलं. फार वाईट वाटलं.

धाकटीच्या झोपेची वेळ धरून पाहिली, पण ती आता दुपारी झोपेलच असं नाही. वेगळी ठेवलेली खेळणी जेमतेम दहा मिनिटं पुरतात. मधल्याला अजून स्वतःहून वाचता येत नाही. दिवसा मी एकटीच असते, आणि मोबाइल-टीव्ही नको आहे.

मोठीला रोज सलग अर्धा तास द्यायचा तर या दोघांना तेवढा वेळ नेमकं कशात गुंतवू?