एकाच कामात पॉकेटची खोली वाढत जाते : दोष बेडचा की झेड अक्षाचा?

प्रश्न

माझ्या छोट्या सीएनसी राउटरच्या (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या) झेड अक्षावर, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या भागावर, ८ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ८ मिमी सरकवणारा) टी-८ स्क्रू आणि नेमा १७ आकाराची स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपनी, फिरणारी) असून कंट्रोलर जीआरबीएल या सॉफ्टवेअरवर चालतो. प्लायवूडच्या फळीत ३ मिमी खोलीची बारा पॉकेट (सपाट तळाचे खळगे) एका ओळीत, डावीकडून उजवीकडे कापली असता पहिली चार बरोबर ३.०० मिमी भरली, पुढची ३.१५, मग ३.३०, ३.५० आणि शेवटची दोन ३.६५ मिमी. प्रत्येक पॉकेटचा तळ मात्र सपाट आहे. बेड उजवीकडे उचलला गेला असावा, असा माझा अंदाज आहे. स्पॉइलबोर्ड (बेडवर कामाखाली ठेवलेली फळी) तासून घ्यावा, की प्रोब लावून ऑटोलेव्हलिंग (पृष्ठभागाचे उंचसखल मोजून त्यानुसार खोली जुळवणे) करावे?

उत्तर १

अजून काहीही तासू नका. आपली पॉकेट डावीकडून उजवीकडे मांडलेली आहेत आणि कापलीही त्याच क्रमाने गेली आहेत. त्यामुळे चूक जागेनुसार वाढते की वेळेनुसार, हे या मापांवरून सांगता येत नाही. तीच फाइल उलट क्रमाने चालवून पाहा. खोल पॉकेट उजवीकडेच राहिली तर दोष बेडचा किंवा फळीचा, आणि ती डावीकडे सरकली तर बेड निर्दोष आहे.

उत्तर २

उलट क्रमाची चाचणी घ्याच, पण त्याआधी कोलेटच्या (बिट, म्हणजे कापणारे पाते, धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) तोंडाशी बिटवर मार्करने बारीक रेघ ओढा. अपकट बिट (वरच्या दिशेने कापणारी) लाकडाचा भुसा वर फेकते, आणि त्याच ओढीने स्वतः खाली खेचली जाते. कोलेट झिजलेले असेल किंवा त्यात भुसा अडकला असेल तर ती कापता कापता बाहेर सरकते. अशीच एक रेघ कपलर (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग) आणि स्क्रू यांच्यावर मिळून ओढली, की कपलर आवळणारा छोटा ग्रब स्क्रू ढिला आहे का तेही कळेल. काम संपल्यावर बिट शून्य घेतलेल्या जागेवर नेऊन ५ मिमी उंचीवर थांबवा आणि ५ मिमी ड्रिलची गुळगुळीत दांडी खालून सरकवून पाहा; ती शिरली नाही तर बिट हवी त्यापेक्षा खाली आली आहे. थेट शून्यावर उतरवलीत तर बिट फळीत घुसण्याची शक्यता आहे. ऑटोलेव्हलिंगबद्दल एवढेच सांगतो, की प्रोब कापण्यापूर्वीचा पृष्ठभाग मोजतो. कापताना जे बिघडत जाते ते त्याला दिसत नाही.

उत्तर ३

आपल्या आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. खोली हळूहळू वाढलेली नाही, ती सुमारे ०.१५ मिमीच्या उड्यांनी वाढली आहे. २०० स्टेपची मोटर ८ मिमी लीडच्या स्क्रूवर दर पूर्ण स्टेपला ०.०४ मिमी सरकते, आणि मोटरची पकड सुटते तेव्हा रोटर साधारणपणे चार पूर्ण स्टेप किंवा त्यांच्या पटीत मागे पडतो, म्हणजे ०.१६ मिमी. व्हर्नियरवर ते ०.१५च दिसणार. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) वर उचलताना झेडच्या मोटरला वजनाविरुद्ध जोर लावावा लागतो, त्यामुळे स्टेप बहुधा तिथेच गळतात. कंट्रोलर समजतो त्यापेक्षा बिट खाली राहते आणि पुढचे पॉकेट अधिक खोल जाते. जीआरबीएलच्या $११२ आणि $१२२ या सेटिंग म्हणजे झेडचा कमाल वेग आणि त्वरण. हे दोन्ही कमी करा, स्क्रू स्वच्छ करून त्याला वंगण द्या आणि त्यानंतरच ड्रायव्हरचा (मोटरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) करंट तपासा. प्रति मिमी स्टेपच्या आकड्याला हात लावू नका; तो चुकीचा असता तर पहिल्या पॉकेटपासूनच खोली चुकली असती.

प्रश्नकर्ता

उलट क्रमाने कापल्यावर खोल पॉकेट डावीकडे आली. दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या, पण ५ मिमीची दांडी बिटखाली शिरली नाही. मग लक्षात आले, की मागच्या महिन्यात मी जुन्या स्पिंडलच्या जागी जवळजवळ दुप्पट वजनाचा स्पिंडल बसवला आणि $११२ तसाच २००० मिमी प्रति मिनिट राहू दिला. तो ६०० वर आणि त्वरण २०० वरून ५० वर आणल्यावर बाराही पॉकेट ३.०० ते ३.०५ मिमी भरली. राहिलेला ०.०५ मिमीचा फरक उजव्या टोकालाच दिसतो, म्हणजे बेडही अगदी निर्दोष नाही. परंतु माझ्या कामाला तो चालण्यासारखा असल्याने स्पॉइलबोर्ड तूर्त तसाच ठेवत आहे.