एकाच गावात दोन सखाराम: पणजोबांचे वडील नेमके कोणते?

अग्रणीकाठ
आमचे मूळ गाव तासगाव तालुक्यातले. पणजोबा राघू बिन सखाराम (म्हणजे सखारामांचा मुलगा राघू) मुंबईत गिरणीत कामाला होते आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वारले, एवढेच घरात सांगितले जाते. आजोबा तेव्हा तान्हे होते आणि ते आजोळी वाढले, त्यामुळे वडिलांकडच्या भावकीशी आमचा संबंध जवळजवळ तुटला. गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मिळवून एका मोडी जाणकारांकडून वाचून घेतली. आमच्या आडनावाचे दोन सखाराम त्यात आढळले, एक सखाराम बिन राणू आणि दुसरे सखाराम बिन धोंडी, आणि दोघांनाही १८९० च्या आसपास मुलगा झाल्याची नोंद आहे. परंतु मुलाचे नाव कोठेच लिहिलेले नाही. यांतले आमचे कोण, हे कागदोपत्री ठरवण्याचा काही मार्ग आहे का?

जुनी_नोंद
कोतवाल बुकात बाळाचे नाव नसणे अगदी नेहमीचे आहे. जन्माची वर्दी बारशाच्या आधीच दिली जाई आणि नोंदीत बापाचे नाव, जात, तारीख व मुलगा की मुलगी एवढेच येई. म्हणून त्याच वहीत अधिक खोल शिरण्यापेक्षा फेरफार नोंदवही, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदल नोंदवणारा गाव नमुना सहा, पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये झाला आणि त्यानंतर खातेदार मयत झाला की त्याच्या वारसांची नावे फेरफाराने लागू लागली. तुमच्या प्रकरणात हे फार मोलाचे आहे, कारण राघू जर बापाच्या आधी वारले असतील, तर सखारामांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात हयात मुलांच्या बरोबरीने तुमच्या आजोबांचे नाव थेट नातू म्हणून लागलेले असेल आणि त्यापुढे 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) वारसाचा पालनकर्ता, असे लिहून आईचे किंवा चुलत्याचे नाव दिलेले असेल. अशी एक ओळ सापडली तर आजोबा, पणजी, चुलते आणि खापरपणजोबा एकाच कागदावर एकत्र येतात. दोन्ही सखारामांच्या खात्यांचे १९१८ नंतरचे वारस फेरफार काढा. पणजीने पुढे पाट लावला, म्हणजे पुनर्विवाह केला, असेल तर पालनकर्ता म्हणून तिचे नाव नसेल, हेही ध्यानात असू द्या.

गोदाघाट
वरील सल्ल्याला जोड म्हणून नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील नामावळी, म्हणजे तीर्थाला आलेल्या यजमानांच्या घराण्यांची वही, पाहावी. तेथे मुंबईचा पत्ता किंवा नुसते आडनाव सांगून उपयोग होत नाही; यजमान मूळ गाव, तालुका आणि जात यांवरून वाटलेले असतात. तासगाव तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात होता, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले, म्हणून जुन्या लेखात 'सातारा' शोधावे लागेल. अस्थी घेऊन आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली नावे त्या वहीत असतात. बाप, चुलते, भाऊ, पुतणे अशी आडवी भावकी त्यात मिळते, आणि तुम्हाला हवी आहे ती नेमकी हीच, कारण एकट्या राघूचे नाव पुरेसे नाही, त्यांच्या भावांची नावे कळली तरच ते दोघांपैकी कोणत्या घरातले ते ठरेल. शिवाय तुमच्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी ठेवणारे लोक, येतात. घराण्याचे हेळवी कोण, हे गावातल्या वयस्कर भावकीला विचारा. त्यांच्या वहीत शाखा कोठून फुटली हे लिहिलेले असते. मात्र हेळव्यांनी सांगितलेल्या फार जुन्या पिढ्यांना सरकारी कागदाइतके वजन देऊ नये. चार-पाच पिढ्यांपर्यंत ती माहिती पडताळता येते, त्यापलीकडे ती परंपरा म्हणून आदराने नोंदवून ठेवावी.

मोडीवाचक
एक मुद्दा राहिला आहे. पणजोबांचा मृत्यू मुंबईतच झाला असे गृहीत धरू नका. साथीच्या दिवसांत अनेक गिरणी कामगार गावी परतत आणि तेथेच दगावत, म्हणून मुंबई महापालिकेच्या मृत्यू नोंदींबरोबरच गावच्या कोतवाल बुकातील सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ ची मृत्यूची पानेही नीट वाचून घ्या. त्या पानांवर नोंदी दाटीने असतात आणि वय अदमासाने लिहिलेले असते, त्यामुळे वयात चार-पाच वर्षांचा फरक पडला तरी नोंद नाकारू नये. दोन्ही सखारामांची नावे त्यांच्या बापांसह मिळाली आहेत, याचाही उपयोग होईल, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. तुमच्या घरात पुढे राणू किंवा धोंडी हे नाव आले असेल तर तो पुरावा नव्हे, पण कोणते खाते आधी तपासावे याची दिशा त्यावरून मिळते.

अग्रणीकाठ
आजोबांच्या थोरल्या मुलाचे पाळण्यातले नाव धोंडीराम होते. या दृष्टीने त्याकडे पाहिलेच नव्हते. कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या कामानंतर जिल्हा प्रशासनाने संकेतस्थळावर ठेवलेल्या नोंदींत मात्र हे घराणे दिसले नाही.

जुनी_नोंद
तेथे कुणबी उल्लेख सापडलेल्या नोंदीच ठेवलेल्या आहेत, त्यामुळे त्यात नाव नसल्याने काहीच सिद्ध होत नाही. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात केवळ नाव न लिहिता गाव, सखाराम बिन धोंडी यांच्या जमिनीचा सर्व्हे नंबर आणि १९१८ ते १९४० असा काळ लिहा. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर आधी जुन्या खात्याचा उतारा मागा.