मैदा आणि साखर टाळून भाजलेले गोड पदार्थ : मराठवाड्यातील घरांमधले अनुभव

अंबाजोगाईहून, आवाहन करताना

आमच्या घरात दोन माणसांना मधुमेह आहे आणि तिसऱ्याच्या तपासणीत रक्तातील साखर सीमारेषेवर आली आहे. तरीही दुपारच्या चहाबरोबर काहीतरी गोड हवे असते, आणि ही इच्छा मला मुळीच अवाजवी वाटत नाही. कमी कर्बोदकांच्या आणि भरपूर प्रथिनांच्या केक-बिस्किटांच्या बहुतेक कृती बदामाच्या पिठावर उभ्या असतात. ते पीठ आमच्या गावात सहज मिळत नाही आणि मिळाले तरी दर आठवड्याला परवडत नाही. आपल्या मोंढ्यात मात्र शेंगदाणा, सोयाबीन, तीळ आणि जवस पोत्यांनी येतात. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच शेंगदाण्यात सुमारे १६ ग्रॅम कर्बोदके आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. हे आकडे पाहिल्यावर बदामासाठी अडून राहण्याचे कारण उरत नाही, असे माझे मत झाले आहे.

ज्यांनी घरी असे पदार्थ भाजून पाहिले आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. वाटी-चमच्याऐवजी ग्रॅममध्ये वजन द्यावे, किती नग झाले ते सांगावे आणि फसलेला प्रयत्नही लिहावा, कारण त्यातूनच पुढच्याचे साहित्य वाचते. गूळ, खजूर किंवा मध घातलेल्या कृती कृपया येथे देऊ नयेत. गूळ साखरेपेक्षा चवदार असेल, पण त्यातही मुख्यतः साखरच असते आणि मधुमेही माणसाच्या रक्तात ती साखरेसारखीच उतरते.

लातूरहून, शेंगदाण्याच्या नानखटाईविषयी

माझ्या यजमानांना नानखटाई अतिशय प्रिय आहे, म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात केली. पहिल्या वेळी नेहमीच्या अंदाजाने १५० ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटात ८० ग्रॅम तूप घातले. ओव्हनमध्ये दहाव्या मिनिटाला सगळे गोळे एकमेकांत मिसळून ताटभर पसरले आणि कडेला तूप उकळू लागले. चूक माझ्या ध्यानात उशिरा आली. मैद्याला मोहन बाहेरून द्यावे लागते, पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल आधीच असते.

आता मी १५० ग्रॅम कूट, ५० ग्रॅम भाजलेल्या सोयाबीनचे पीठ, ३० ग्रॅम तूप, ५० ग्रॅम एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी घालायची गोड पूड), दोन चमचे घट्ट दही, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि वेलदोडा असे प्रमाण घेते. शेंगदाणे भाजून, साल पाखडून, पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवावेत. ते गरम असताना किंवा सलग फिरवले तर कुटाला तेल सुटते आणि त्याचा लगदा होतो. एवढ्या साहित्यात १६ नग होतात. माझ्या हिशेबाने एका नगात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि तंतू धरून, पण एरिथ्रिटॉल वगळून सुमारे अडीच ग्रॅम कर्बोदके येतात. १६० अंशांवर १८ मिनिटे पुरतात. बाहेर काढल्यावर नानखटाई इतकी मऊ असते की उचलायला जावे तर बोट आत रुतते. अर्धा तास तिला हात न लावता ताटातच राहू द्यावे, म्हणजे ती गार होता होता आपोआप खुसखुशीत होते. या अर्ध्या तासाच्या घाईपायी मी दोन घाणे मोडले आहेत.

एरिथ्रिटॉलविषयी एक सूचना करते. ते साखरेच्या साधारण ६० ते ७० टक्केच गोड असते, जिभेला किंचित गार लागते आणि पदार्थ निवल्यावर त्याचे पुन्हा खडे होतात. पहिल्या घाण्यात दुसऱ्या दिवशी दाताखाली बारीक वाळू आल्यासारखे वाटत होते. तेव्हापासून मी ते आधी मिक्सरमधून पिठीसाखरेसारखे दळून घेते आणि थोडे प्रमाण कमी करून त्या जागी चिमूटभर स्टीव्हिया, म्हणजे एका वनस्पतीच्या पानांपासून केलेले गोडक, घालते.

परभणीहून, सोयाबीनच्या पिठाविषयी

लातूरच्या ताईंनी सोयाबीनच्या पिठाचा उल्लेख केला, त्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण सोयाबीनला नाक मुरडणारी बहुतेक माणसे चुकीच्या पद्धतीने केलेले पीठ खाऊन बसलेली असतात. आमचे शेत आहे आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने विकसित केलेला एमएयूएस ७१ हा वाण आम्ही अनेक वर्षे पेरला. एवढे सोयाबीन पिकवणाऱ्या आमच्या घरात ते खाल्ले मात्र कधी जात नव्हते. सगळे मोंढ्यावर जायचे आणि तिथून तेलाच्या कारखान्यात.

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे ट्रिप्सिन रोधक द्रव्य असते. ते उष्णतेने निष्क्रिय होते, म्हणून कच्चे सोयाबीन तसेच दळून वापरू नये. त्याचा तो हिरवट, उग्र वास दाणा फुटून पाण्याशी संबंध आला की लायपॉक्सिजनेज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. अख्खे, निवडलेले दाणे थेट खळखळ उकळत्या पाण्यात टाकावेत आणि २५ मिनिटे उकळावेत. थंड पाण्यात टाकून हळूहळू तापवल्यास वास राहून जातो. नंतर चोळून साल काढावे, दोन दिवस कडक उन्हात वाळवावे, मंद आचेवर बदामी रंगावर भाजावे आणि मग दळावे. आमच्या आईने हे पीठ पहिल्यांदा हातावर घेऊन हुंगले आणि फुटाण्याचे आहे का, असे विचारले. वास गेल्याची मला याहून चांगली पावती मिळाली नसती.

शेतकरी कुटुंबांना कळकळीने सांगतो की पेरणीतून उरलेले, बीजप्रक्रिया केलेले बियाणे कितीही धुतले तरी खाण्यात घेऊ नये. त्यावर बुरशीनाशक लावलेले असते. खाण्यासाठीचे सोयाबीन खळ्यावरच वेगळे काढून ठेवावे.

केकमध्ये सोयाबीनचे पीठ एकूण कोरड्या साहित्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घातले तर तो कोरडा पडतो. १०० ग्रॅम सोयाबीनचे पीठ, २०० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, चार अंडी आणि १५० ग्रॅम दही हे आमच्या घरी स्थिरावलेले प्रमाण आहे.

नांदेडहून

मी व्यायामशाळेत जातो आणि माझा हेतू प्रथिने वाढवणे हा होता. डब्यातल्या व्हे पावडरचाच (दुधाच्या निवळीतील प्रथिनांच्या भुकटीचाच) केक करावा असे ठरवले आणि दुसरे पीठ घातलेच नाही. तो फुगला सुंदर, पण सुरीने कापताना रबरासारखा ताणला गेला आणि चावता चावेना. व्हे उष्णतेने घट्ट होते आणि ओलावा सोडते. आता कोरड्या साहित्याच्या चौथाईपेक्षा जास्त व्हे मी घेत नाही आणि बाकी शेंगदाण्याचे कूट वापरतो. ओलाव्यासाठी आधी केळे कुस्करून घालत असे, पण १०० ग्रॅम केळ्यात २० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, हे कळल्यावर त्याच्या जागी वाफवलेला लाल भोपळा घालू लागलो. त्याचा रंगही छान येतो. पावडरच्या डब्यावरील घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन आहे का, हे अवश्य पाहावे, कारण ते स्टार्चपासून केलेले असून रक्तात साखरेसारखेच झपाट्याने उतरते.

भूम तालुक्यातून, खव्याविषयी

आमचा भाग खव्याचा आहे. कुंथलगिरीचा पेढा खाल्ला नाही असा माणूस इकडे सापडणार नाही. वडिलांना मधुमेह झाल्यावर आम्ही असे मानले की खव्यात साखर घातली नाही की तो निर्धोक होतो. खवा, अंडे आणि वेलदोडा घालून बिनसाखरेची बिस्किटे भाजली आणि वडिलांनी ती समाधानाने पाच-सहा खाल्ली. दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर २३८ आली, तेव्हा आम्ही सगळे घाबरलो. दूध आटवताना पाणी उडून जाते, पण दुधातली साखर कुठेही जात नाही. खव्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा ही दुग्धशर्कराच असते. दुधाच्या भुकटीत तर ती त्याहून अधिक असते. खव्यात प्रथिने आहेत हे खरे, पण ज्याला कर्बोदके मोजायची आहेत त्याने खवा मोजूनमापूनच घ्यावा. आम्ही आता खव्याऐवजी पनीर किंवा चक्का घेतो, कारण दुग्धशर्करेचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो.

परभणीहून, आणखी एक अनुभव

चक्क्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. रात्रभर टांगलेला ४०० ग्रॅम चक्का, तीन अंडी, ६० ग्रॅम दळलेले एरिथ्रिटॉल, केशर आणि वेलदोडा घोटून तुपाचा हात लावलेल्या भांड्यात ओतावे. ते भांडे गरम पाणी घातलेल्या मोठ्या ताटात ठेवून १५० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. मधला भाग हलवल्यावर खरवसासारखा थरथरला पाहिजे. तो पूर्ण घट्ट होईपर्यंत वाट पाहिली की निवताना वर भेगा पडतात. आठ तुकडे केल्यास एका तुकड्यात सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. निवळी मी कढीत वापरते.

बीड जिल्ह्यातील एका गावातून

आमच्याकडे ओव्हन नाही आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. मी जाड बुडाच्या पातेल्यात बोटभर मीठ पसरते, त्यावर तिवई ठेवते, झाकण लावून दहा मिनिटे तापवते आणि मग साचा आत ठेवते. कुकर वापरल्यास त्याची शिट्टी आणि रबर काढून ठेवावे. शेंगदाण्याचा केक मंद आचेवर ४० मिनिटांत होतो. बुडाला चटकन लागतो, म्हणून साच्याखाली ताटली ठेवावी. घाण्यावर आपलेच शेंगदाणे गाळून आणल्यावर जी ताजी पेंड मिळते, तिच्यात १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. ती मी चाळून कुटाच्या निम्म्याने वापरते. गुरांसाठी विकली जाणारी पेंड मात्र वापरू नये. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही, म्हणून गाळायला नेण्याआधी दाणे स्वतः निवडावेत.

जालन्याहून, रुग्णांना आहार सांगण्याचे काम करताना

वरील अनुभव वाचून समाधान वाटले, तरी काही गोष्टी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या व्यक्तीने प्रथिने वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, आणि दीर्घकाळच्या मधुमेहात हा आजार बऱ्याच जणांना नकळत जडलेला असतो. जे इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी कर्बोदके एकाएकी कमी केली आणि औषध तेवढेच ठेवले, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. ‘शुगर फ्री’ असे लिहिलेल्या विकतच्या बिस्किटांत बहुधा मैदा असतोच. त्यांत साखरेऐवजी वापरले जाणारे माल्टिटॉल हे गोडक रक्तातील साखर काही प्रमाणात वाढवते आणि जास्त खाल्ल्यास पोटही बिघडवते.

साखरेच्या पर्यायांबाबतही सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी स्टीव्हिया, सुक्रालोज यांसारख्या गोडकांवर विसंबू नये, अशी शिफारस केली. आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्ती त्या शिफारशीच्या कक्षेबाहेर होत्या आणि एरिथ्रिटॉलसारख्या पदार्थांचाही तिच्यात समावेश नव्हता. मात्र त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तातील एरिथ्रिटॉलचे जास्त प्रमाण आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध आढळला. त्यातून कारण सिद्ध होत नाही, तरी ज्यांना हृदयविकार आहे त्यांना मी ते रोज घ्यायला सांगत नाही. गोडी हळूहळू कमी करत नेली तर जीभ साधारण महिनाभरात सरावते, हा माझ्या रुग्णांचा अनुभव आहे.

अंबाजोगाईहून, मध्येच थोडे

जालन्याच्या ताईंचे आभार. त्यांचे वाचून मी एरिथ्रिटॉलचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटवून पाहिले. घरात कोणाच्याही लक्षात आले नाही, फक्त वेलदोड्याबरोबर थोडे जायफळ वाढवावे लागले.

उदगीरहून, येळवशीच्या निमित्ताने

आमच्याकडे वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, सगळे घर शेतात असते. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, आंबील आणि शेंगापोळी असते. माझ्या सासूबाई मधुमेह झाल्यापासून भज्जी-भाकरी खात, आणि शेंगापोळी वाढताना मात्र आपले ताट बाजूला सरकवत. चार वर्षे ते पाहून माझा जीव कासावीस होत असे.

मागच्या येळवशीला मी शेंगापोळीचे सारणच भाजून वड्या केल्या. सासूबाईंना अंडे चालत नाही, म्हणून बांधणीसाठी दोन चमचे इसबगोल १०० ग्रॅम दह्यात दहा मिनिटे भिजवले. त्यात २०० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, ५० ग्रॅम भाजलेल्या तिळाचे कूट, ४० ग्रॅम एरिथ्रिटॉल, सुंठ आणि वेलदोडा मळून, बटर पेपर लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापले आणि वर खसखस दाबली. १५० अंशांवर २५ मिनिटे भाजल्यावर कडा तांबूस झाल्या. गरम असतानाच सुरीने रेघा पाडाव्यात आणि गार झाल्यावर वड्या मोकळ्या कराव्यात, नाहीतर नंतर कापताना भुगा होतो.

कोपीत बसून सासूबाईंनी वडी हातात घेतली, उलटी करून खालची बाजू पाहिली, मग एक कोपरा मोडून तोंडात टाकला. “गूळ कमी पडला,” असे त्या म्हणाल्या. गूळ घातलेलाच नाही, हे सांगितल्यावर त्यांनी दुसरी वडी मागून घेतली. त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली होती. संध्याकाळी घरी येऊन तपासले तेव्हा साखर १५२ होती, जी त्यांच्या रोजच्या संध्याकाळच्या आकड्याएवढीच होती. यंदा मी सुंठ थोडी कमी आणि तीळ ७५ ग्रॅम घेणार आहे. बांधणी त्याने सैल होते का, हे आधी एका छोट्या घाण्यावर पाहून येथे लिहीन.