चिपळूण–लोटे रोजचा प्रवास एकाच गाडीतून करायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं चिपळूणहून रोज लोटे एमआयडीसीत जातो, जनरल शिफ्टला. चौघांच्या चार गाड्या, प्रत्येकीत एकच माणूस! परशुराम घाटात एखादा ट्रेलर बंद पडला की मागे लागणाऱ्या रांगेत आपल्यासारख्याच रिकाम्या सीटवाल्या गाड्या जास्त दिसतात. म्हणून आलटून-पालटून एकच गाडी काढायची ठरवतोय.

पेट्रोलचा हिशोब कसा ठेवता? पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, त्यासाठी परमिट लागतं, एवढं माहीत आहे. म्हणून पैशाऐवजी पाळी लावावी म्हणतो. पण उद्या गाडी नसलेला कोणी सोबत आला तर त्याने काय करायचं?

खरी अडचण संध्याकाळची. एकाला ओव्हरटाइम लागला की बाकीचे गेटवर ताटकळत उभे. थांबायचं किती वेळ, हे आधीच ठरवून घेता का?

एसटीचा मासिक पासही डोक्यात आहे. वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास, म्हणजे स्वस्तच. फक्त सुटल्यावर वेळेत गाडी मिळते का, ते रोज जाणाऱ्यांनी सांगा. आणि पावसाळ्यात घाट बंद झाला तर तुम्ही काय करता?