मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या फ्लॉपीवरचे फिडोनेट मेसेज कसे उघडायचे?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय. बाबा १९९२ ते ९५ झांबियात एका जिल्हा हॉस्पिटलात डॉक्टर होते. आम्ही सांगलीला. पत्राला तीन-तीन आठवडे लागायचे आणि फोन लागलाच तर "बरे आहात ना" एवढं बोलून ठेवायचा, कारण मिनिटाला पैसे पडायचे. इंटरनेट नव्हतंच, झॅमनेट ही इंटरनेट सेवा तिथे १९९४ ला आली. पण हॉस्पिटलच्या पीसीला मोडेम होता आणि त्यावर फिडोनेट, म्हणजे फोन लाईनवरून एका कॉम्प्युटरचे मेसेज दुसऱ्याला पोचवणारं जाळं. बाबा दिवसा फोन न जोडता मेसेज लिहून ठेवायचे, रात्री मशीन स्वतःच राजधानी लुसाकाला डायल करायचं, सगळे मेसेज एकत्र कॉम्प्रेस करून दोन-चार मिनिटांत पाठवायचं, आलेले घ्यायचं की फोन बंद, आणि लाईन मधेच तुटली तर झेडमोडेम (फाइल पाठवायची पद्धत) जिथे राहिलं तिथून पुढे सुरू. लुसाकाच्या युनिव्हर्सिटीतून ते दक्षिण आफ्रिकेत ऱ्होड्स युनिव्हर्सिटीकडे आणि तिथून जगभर. डीफिब्रिलेटरवाले डॉ. बर्नार्ड लाऊन, त्यांच्या सॅटेललाइफ संस्थेचं हेल्थनेटही आफ्रिकेत अशाच फिडोवर डॉक्टरांना मेडिकल माहिती पोचवायचं.

आता बाबा ७८ चे आहेत आणि सारखी या मेसेजेसची आठवण काढतात. माळ्यावर ११ फ्लॉप्या सापडल्या. यूएसबी ड्राइव्ह आणून उबुंटूवर लावल्या तर दोन प्रकारच्या फाइल्स दिसतात, काही .एमएसजी आणि काहींचं एक्स्टेन्शन .एमओ०, .टीयू१ असं काहीतरी. .एमएसजी टर्मिनलवर कॅट कमांडने दाखवली तर ओळी एकमेकींवर छापल्या जातात, फक्त "क्विनीनचा डोस" एवढंच वाचता आलं. बाबांना ते सांगितलं तर उठून बसले. प्लीज कोणी सांगेल का काय करायचं?

प्रतिसाद १
सगळ्यात आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रत्येक फ्लॉपीची इमेज (हुबेहूब कॉपी) काढा, मूळ फ्लॉपी परत परत फिरवू नका. .एमएसजीत पहिले १९० बाइट हेडर असतो (कोणाकडून, कोणाला, विषय, तारीख), मग मजकूर. ओळीच्या शेवटी नुसता सीआर (ओळीच्या सुरुवातीला परत जा) असतो, एलएफ (खालच्या ओळीवर जा) नाही, म्हणून ओळी एकावर एक येताहेत, टीआर कमांडने सीआरच्या जागी एलएफ टाका. एमओ, टीयू म्हणजे मंडे, ट्यूसडे, त्या त्या वाराची गाठोडी ती. पहिली दोन अक्षरं पीके असतील तर साधी झिप आहे, आत .पीकेटी, म्हणजे मेसेजच्या पाकीट-फाइल्स, मिळतील. एवढी खटपट नको असेल तर गोल्डेड हा फिडो मेसेज वाचायचा प्रोग्रॅम लावा, तो .एमएसजी सरळ वाचतो.

धागाकर्ता
दादा, चाललं!! पहिला उघडला तो क्विनीनचाच, मलेरिया झालेली ९ किलोची मुलगी होती, बाबांनी रात्री विचारलं होतं आणि दुसऱ्या रात्रीच्या कॉलला उत्तर आलेलं आहे. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिलं, दोनदा वाचलं त्यांनी. चौथ्या फ्लॉपीवर तीन बॅड सेक्टर (वाचता न येणारे भाग) येताहेत, तिथे रीट्राय किती लावू?