'एत्येन' आणि 'स्तेफान' मुळात एकच नाव?

जिज्ञासू_५: एत्येन आणि स्तेफान ही दोन्ही फ्रेंच नावं एकाच शब्दातून आलीत असं वाचलं. कानाला तर काहीच साम्य वाटत नाही. मूळ शब्द आणि अर्थ काय? आणि मराठीत 'एटिएन' लिहायचं की 'एत्येन'?

उपान्त्य: एकच. ग्रीक 'स्तेफानोस' म्हणजे विजेत्याच्या डोक्यावर घालतात ती पानांची माळ, त्यावरून मुकुट. लॅटिनमध्ये 'स्तेफानुस'. आपल्या भाषेत सांगायचं तर एत्येन हे तद्भव आणि स्तेफान हे तत्सम.

तद्भव कसं घडलं बघा. आरंभीचं 'स्त' जिभेला जड, म्हणून आधी स्वर आला. स्टेशनचं 'इस्टेशन' होतं तसाच. आघात 'स्ते'वर होता, त्यामुळे तिथल्या ऱ्हस्व 'ए'चा 'ये' झाला (पेत्रुसचं 'प्येर' याच नियमानं). आघातानंतरचा 'फा' झिजत 'न'मध्ये जिरला: 'एस्त्येन'. मग 'त'आधीचा 'स'ही उच्चारातून गेला. स्तेफान मात्र पंडितांनी लॅटिनवरून पुन्हा उचललं, म्हणून त्यातला 'फ' शाबूत आहे.

खिळाजुळारी: 'स' लिहिण्यात बराच काळ टिकला. सोळाव्या शतकातले मुद्रक रोबेर एत्येन यांच्या आडनावात तो अजूनही छापतात. फ्रेंच अकादमीच्या १७४०च्या कोशानं असे पुष्कळ मुके 'स' काढून स्वरांवर खुणा दिल्या, जशी एत्येनच्या (Étienne) पहिल्या अक्षरावरची तिरकी रेघ. 'एकोल' (शाळा) मध्येही तेच झालं. पण प्रत्येक तिरक्या रेघेमागे 'स' शोधू नका. 'एलेफां' (हत्ती) मध्ये तो कधीच नव्हता.

जिज्ञासू_५: म्हणजे ती रेघ आघाताची खूण नाही?

उपान्त्य: नाही, ती फक्त 'ए'चा बंद (तोंड कमी उघडून केलेला) उच्चार दाखवते. जोर शेवटी, 'त्येन'वर. फ्रेंच 'त' दंत्य आहे आणि उच्चाराचे तुकडे दोनच (ए-त्येन), म्हणून 'एत्येन'च. 'एटिएन'मध्ये दोन्ही चुकतं. याच नावाच्या फ्रेंच शहराचं (Saint-Étienne) नाव म्हणताना 'सँ'चा एरवी मुका 'त' जागा होतो: 'सँ-तेत्येन'.

खिळाजुळारी: टंकताना मोठ्या अक्षरावरची रेघही गाळू नका, अकादमी तीही आवश्यक मानते. विंडोजवर आल्ट दाबून ०२०१, तेही उजवीकडच्या अंकपट्टीवर. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत. यादी लावताना हे नाव साध्या 'ई'तच बसतं. अक्षरांच्या नुसत्या संगणकी संकेतांकावर क्रम लावणारी प्रणाली मात्र ते 'झेड'च्याही खाली ढकलते, आणि मग नाव यादीत नाहीच असं वाटतं.