फोर बाय फोर लावूनपण दोन चाकं जागेवरच फिरतात, डिफ लॉक टाकावा का?

घाटवाट_सातारा
मंडळी नमस्कार. शेत पाटण तालुक्यात वरच्या अंगाला, शेवटचा टप्पा म्हणजे नुसते दगड आणि ओढा. जुनी फोर बाय फोर जीप आहे, दोन्ही एक्सलला साधं डिफरन्शियल (डिफ, म्हणजे एक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारे गिअर). ओढ्याच्या चढाला गाडी तिरकी झाली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचलतं आणि तीच दोन गरागरा फिरत बसतात, बाकीची दोन दगडावर घट्ट असून ढिम्म हलत नाहीत. फोर लो (चारही चाकांना हळू पण जास्त जोराचा गिअर) लावलं तरी तेच. गॅरेजवाला म्हणतो लॉकर, म्हणजे डिफ लॉक टाक, मित्र म्हणतो आधी टायर बदल. कुणाचं ऐकू?

गिअरतेल
दादा तुमच्या गाडीत बिघाड काही नाही, साध्या डिफचं कामच तसं आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं म्हणून डिफ दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्पीडनं फिरू देतं, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतं. आता हवेतलं चाक समजा ५० जोरालाच फिरायला लागलं, तर दगडावरच्यालापण ५०च मिळणार, मग त्याची ५०० पेलायची ताकद असली तरी काय उपयोग. फोर लो नं एकूण जोर वाढवता येतो, पण वाटणी तीच राहते. लॉकर लावला की एका एक्सलची दोन्ही चाकं एकाच स्पीडनं फिरणार, मग ज्याला पकड आहे तिकडं लागंल तेवढा जोर जातो, अगदी सगळासुद्धा. आणि म्हणूनच जुन्या गाडीत एक्सल शाफ्ट मोडायची भीती पण असते हे ध्यानात ठेवा.

काळंरान_वाळवा
आवो ह्यात नवीन काय हाय, आमच्या ट्रॅक्टरला टाचंखाली डिफ लॉकचा पेडल असतोय की. नांगरताना एक चाक तासात आन एक वर, घसराय लागलं की दाबायचा, सुटलं की पाय काढायचा. दाबून ठिवून वळवायचं मात्र नाय, डिफातल्या क्राऊन पिनियन गिअरची वाट लागती. पण एक सांगतो, आमच्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर फडातनं उसाची ट्रॉली काढताना दोन्ही चाकं चिखलानं भरून गुळगुळीत झाली की लॉक दाबला तरी दोन्ही मिळून फिरतात बगा. तिथं टायरची नक्षी आन दुसरा ट्रॅक्टर, तिसरं काय नाय.

गिअरतेल
+१, लॉकर पकड तयार करत नाही, आहे ती वापरू देतो. पाटणच्या दगडांवर चाक उचलतं म्हणून तिथं त्याचा फायदा जास्त, वाळव्याच्या चिखलात कमी.

रस्ताकच्चा
नवीन गाड्यांचं सांगायचं तर गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं लॉकर आहे आणि ड्रायव्हर स्वतः लावतो. थारच्या काही मॉडेलला मागं मेकॅनिकल लॉकर येतो, तो आपोआप लागतो, दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की, आणि तो पण कमी स्पीडलाच. त्यामुळं चाक थोडं फिरू द्यावं लागतं, लोक घाबरून लगेच पाय काढतात आणि म्हणतात लॉकर चालत नाही 😄 जिम्नीत लॉकर नाही, एबीएसचे सेन्सर बघून फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतात म्हणजे त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. स्वस्तात काम होतं पण लांब चढाला ब्रेक तापतात.

घाटवाट_सातारा
मस्त समजलं. मग तोच ब्रेकवाला प्रकार मी हँडब्रेक हळूच ओढून करू शकतो का?

गिअरतेल
मागच्या चाकांवर हँडब्रेक असंल तर थोडा फायदा होतो, पण काही जुन्या जीपांत तो प्रॉपेलर शाफ्टवर असतो, तिथं काहीच होणार नाही, आधी खाली वाकून बघा. त्यापेक्षा लो मध्ये अ‍ॅक्सिलरेटर धरून डाव्या पायानं ब्रेक हलका दाबा. पैसे खर्चायचे तर आधी एटी (ऑल टेरेन, कच्च्या रस्त्यालापण चालणारे) टायर, हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवून बघा (परत भरायला कंप्रेसर जवळ पाहिजे), मग मागचा लॉकर. पुढचा नको, लागला की स्टेअरिंग जड होतं आणि गाडी सरळच पळायला बघते.

रस्ताकच्चा
आणि आडव्या उतारावर, ओल्या खडकावर लॉक चालू ठेवू नका, दोन्ही चाकं एकदम सुटून गाडी बाजूला घसरते. डांबर लागायच्या आत काढायचा.

काळंरान_वाळवा
आन लॉकर हाय म्हणून कासच्या सड्यावर (पठारावर) नगा घालू गाडी, फुलं तुडवत्यात लोकं.